मदत हवी आहे: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा व्हावा, यासाठी मसुदा आणि पाठपुरावा कसा करावा?

बालाघाट

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. आमच्या डोंगरपट्ट्यातील शाळा व्यवस्थापन समित्यांचे काही सदस्य, अंगणवाडी सेविका आणि दरवर्षी स्वतः ऊस तोडायला जाणारे पालक असे आम्ही एकत्र आलो आहोत. ऊसतोड कामगारांच्या मुलांचे संगोपन, शिक्षण आणि सुरक्षितता यांची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरवून देणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने करावा, अशी आमची मागणी आहे. तिचे विधेयक कसे होते, हे मात्र आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. येथे वकिली करणारे आणि विधिमंडळाच्या कामकाजाची माहिती असणारे सदस्य आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना हा विषय जवळून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून (कामगार जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगावकडे निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. उचल नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला मिळते, त्यामुळे आईला गावी थांबता येत नाही. ज्यांचे आजी-आजोबा धडधाकट आहेत ती मुले मागे राहतात, बाकीची कोपीवर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीवर, जातात. आईवडील पहाटेच्या अंधारात फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, उतरतात तेव्हा तान्हे मूल बांधावर पाचटावर झोपवलेले असते, जवळून ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची ये-जा चालू असते आणि त्या मुलाकडे लक्ष ठेवायला आठ-नऊ वर्षांची बहीण बसवलेली असते. त्या बहिणीची शाळा तिथेच सुटते. वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवायची भीती वाटते आणि लग्न लावून दिले तर एक नवा कोयता तयार होतो, हा हिशेबही असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 20 ते 24 वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के, तर बीड जिल्ह्यात सुमारे 44 टक्के निघाले. पालकांना दोष देऊन हा आकडा खाली येणार नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्या बापाला सहा महिने मुलीला सुरक्षित ठेवायला जागा नाही, त्याला आधी ती जागा मिळाली पाहिजे.

शासनाने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. पालक गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतरित मुलाला जाईल तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. परंतु हे सारे शासन निर्णयांवर उभे आहे. टोळ्या निघून गेल्यावर हंगामी वसतिगृहाची मंजुरी आली, तर मुले तोवर फडात पोहोचलेली असतात आणि त्या उशिराबद्दल कोणालाही जाब विचारता येत नाही. केंद्राच्या कायद्यांनी हक्क दिलेले आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 नुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे आणि 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळायला हवा. पण कारखान्याच्या परिसरात उतरलेल्या टोळीत कोणत्या वयाची किती मुले आहेत, याची नोंद तिथे कोणी ठेवताना दिसत नाही. कामगार मुकादमाचे आहेत असे कारखाना म्हणतो आणि मुकादमाकडे मुलांसाठी काही करण्याची ऐपतही नसते, इच्छाही नसते.

आम्हाला तीन बाबींत मार्गदर्शन हवे आहे. अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेले), विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज आणि मंत्र्यांकडे थेट निवेदन यांपैकी कोणत्या मार्गाने सुरुवात करावी? कारखान्यावर पाळणाघराची आणि नोंदणीची सक्ती करण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला आहे का, की केंद्राच्या कामगार संहितांशी तिचा विरोध होईल? आणि कर्नाटकाने 2016 च्या दुरुस्तीने बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवले, तशी तरतूद याच विधेयकात मागावी का?

विधिवाचक

गुरुजी, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यावर अवलंबून आहे. कामगारकल्याण आणि शिक्षण हे दोन्ही विषय घटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा यादीत, आहेत, त्यामुळे कायदा करण्याचा अधिकार राज्याला निश्चित आहे. केंद्रीय कायद्याशी विसंगती निर्माण होत असेल तर घटनेच्या अनुच्छेद 254(2) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते आणि त्यात बराच काळ जातो. म्हणून मसुदा असा असावा की तो केंद्रीय कायद्याला छेद न देता त्यात भर घालील. पाळणाघराची केंद्रीय तरतूद 50 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होते. पन्नास माणसे मोजताना तोडणी कामगार कोणाचे धरायचे, हा सगळ्या वादाचा गाभा आहे. तुमच्या विधेयकातील सर्वांत महत्त्वाचे कलम व्याख्येचे असेल: ज्या कारखान्याच्या गाळपासाठी ऊस तोडला जातो तो कारखाना, मध्ये कितीही मुकादम असले तरी, या कायद्यापुरता मुख्य नियोक्ता मानला जाईल. एवढे एक कलम पक्के झाले तर पुढील तरतुदींना आधार मिळेल. स्थलांतरितांसाठीचे जुने केंद्रीय संरक्षण आंतरराज्य कामगारांपुरते होते, त्यामुळे बीडहून बेळगावला जाणारा त्यात बसे आणि बीडहून कोल्हापूरला जाणारा बसत नसे. राज्याने कायदा का करावा, याचे हे उत्तम कारण आहे. ते उद्देश व कारणांच्या निवेदनात अवश्य लिहा.

पैशाचे कलम मात्र जपून लिहा. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागणार असेल तर अनुच्छेद 207 नुसार राज्यपालांच्या शिफारशीशिवाय विधेयक सभागृहाला संमत करता येत नाही, आणि ती शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच मिळते. म्हणून अशासकीय विधेयकात नोंदणी, कर्तव्ये आणि मुदती ठेवाव्यात आणि निधीसाठी महामंडळाकरिता आधीच ठरलेल्या प्रतिटन 10 रुपयांच्या अंशदानाला वैधानिक आधार देण्याची मागणी सरकारकडे स्वतंत्रपणे करावी.

माणगंगा

मी कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेत बरीच वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. आपल्या राज्यात असे कायदे झालेले आहेत आणि ते मागणाऱ्यांनी चिकाटीने मिळवलेले आहेत. 1969 चा माथाडी कायदा घ्या. ज्यांचा मालक कोण हेच ठरत नव्हते, त्या हमालांसाठी मंडळ आले, नोंदणी आली आणि मालकांवर अंशदानाची सक्ती आली. रोजगार हमीची योजना 1972 च्या दुष्काळात विस्तारली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी व्यवसाय कराचा वेगळा कायदा 1975 मध्येच करून ठेवला होता. योजनेचा कायदा झाल्याने काय फरक पडतो, हे आमदारांना पटवून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मार्गाविषयी माझे मत असे की तिन्ही मार्ग एकाच वेळी धरावेत, पण वेळापत्रक कामगारांचे असावे. हिवाळी अधिवेशन नागपुरात डिसेंबरच्या सुमारास असते आणि तेव्हा तुमचे सगळे पालक फडात असतात. सह्या, ग्रामसभांचे ठराव आणि आयांची निवेदने दसऱ्याच्या आत गोळा झाली पाहिजेत. ग्रामसभेचा ठराव क्षुल्लक समजू नका, वीस-पंचवीस गावांचे ठराव एकत्र जोडलेले असले की लोकप्रतिनिधीला ते बाजूला ठेवणे अवघड जाते. आमदार निवडताना एक बीडचा आणि एक कारखाना असलेल्या पट्ट्यातील घ्या, म्हणजे हा मराठवाडा विरुद्ध पश्चिम महाराष्ट्र असा वाद होणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ऊसतोड कामगारांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती, त्या प्रकरणातील आदेशही निवेदनाला जोडा.

विधिवाचक

माणगंगाताईंशी सहमत आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. बालविवाहाची तरतूद या विधेयकात घालू नका. केंद्राच्या 2006 च्या कायद्यात असा विवाह अल्पवयीन पक्षाच्या अर्जावरून रद्द करता येतो आणि तो रद्द झाल्यावर मुलीच्या निर्वाहाची व अपत्याच्या औरसपणाची सोय कलम 4 आणि 6 मध्ये आहे. विवाह मुळातच रद्दबातल ठरवायचा असेल तर ते संरक्षण शब्दशः पुन्हा लिहावे लागते, नाहीतर ज्या मुलीसाठी हे करायचे तिचेच नुकसान होण्याची शक्यता राहते. शिवाय केंद्रीय कायद्यातील ही दुरुस्ती असल्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीचा प्रश्न येतो आणि तुमचे मूळ विधेयक त्यात अडकून पडेल.

बालाघाट

दोघांचेही मनापासून आभार. बालविवाहाचा मुद्दा वेगळा काढतो. मुख्य नियोक्त्याची व्याख्या, टोळी उतरल्यापासून ठरावीक दिवसांत मुलांची वयानुसार नोंद, फडाजवळ पाळणाघर आणि गावातील वसतिगृह दसऱ्यापूर्वी सुरू करण्याचे बंधन, एवढ्या चार बाबींचा कच्चा मसुदा मराठीत लिहून याच धाग्यावर ठेवतो. एक शंका अजून आहे. वसतिगृह वेळेत सुरू झाले नाही तर दंड कोणावर बसवावा? मुख्याध्यापकावर बसवला तर ज्याच्या हातात निधी नाही त्याला शिक्षा होईल. जिल्हा स्तरावरील नेमक्या कोणत्या अधिकाऱ्याचे नाव कलमात घालावे, याविषयी प्रशासनात काम केलेल्या कोणी लिहिले तर मसुदा त्याप्रमाणे बांधता येईल.