आईची डायबिटीसची औषधं, विमा बंद झाला. इंदुरात स्वस्त कुठे?

राजेंद्रनगरकर: नोकरी गेली, त्यासोबत कंपनीचा मेडिक्लेमही. आईच्या औषधांचं बिल त्यातल्या ओपीडी कव्हरमधून निघायचं. आता पूर्ण किंमत झेपत नाही. इंदुरात स्वस्त कुठे मिळतील? लवकर सांगा, साठा संपत आलाय.

दवाबाजारवाला: कोणती औषधं? गोळ्या की इन्सुलिन? ब्रँड नको, घटकाचं नाव लिहा.

घरचा_वैद्य: जांभळाच्या बियांचं चूर्ण द्या. माझ्या सासऱ्यांची शुगर त्यानेच ताब्यात आली. औषधांवर पैसे कशाला घालवायचे?

निवृत्त_नर्स: सासरे इन्सुलिनवर होते का? इन्सुलिन अचानक सोडलेले पेशंट वॉर्डात कसे येतात ते मी पाहिलंय. असं लिहू नका हो.

घरचा_वैद्य: सोडा म्हटलं नाही, सोबत घ्या म्हटलं.

निवृत्त_नर्स: मग "पैसे कशाला घालवायचे" म्हणजे काय?

राजेंद्रनगरकर: भांडू नका, प्लीज. मेटफॉर्मिनच्या गोळ्या आणि रात्री ग्लार्जिन इन्सुलिनचं पेन.

दवाबाजारवाला: हे आधी सांगायचं ना! मेटफॉर्मिन जनऔषधि केंद्रातून घ्या. 'जनऔषधि सुगम' अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि किंमत दिसते. ग्लार्जिन भारतीय कंपन्यांचंही येतं, बेसालॉग किंवा ग्लॅरिटस. डॉक्टरांना विचारून दवा बाजारात दोन-तीन दुकानांत भाव काढा. फेकायच्या पेनपेक्षा कार्ट्रिज सहसा स्वस्त पडतं, पण ते त्याच कंपनीच्या पेनमध्ये बसतं.

जुनी_इंदूर: दवा बाजारात गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही.

सीए_काका: आई ६० च्या पुढे असतील आणि त्यांचा विमा नसेल, तर औषधांच्या खर्चावर आयकरात ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. फक्त जुन्या करप्रणालीत. पैसे रोख देऊ नका.

राजेंद्रनगरकर: काका, उत्पन्नच नाही तर टॅक्स कसला?

छावणी_चौक: आईंचं वय किती? ७० च्या वर असेल तर आयुष्मान कार्ड काढा. २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही.

निवृत्त_नर्स: काढाच. पण ते भरती झाल्यावर उपयोगी, रोजच्या औषधांना नाही. त्यापेक्षा एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवा. मध्य प्रदेशात २०१२ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना आहे. ग्लार्जिन नसेल तर डॉक्टर साधं ह्यूमन इन्सुलिन लिहून देतील. एक गोष्ट मात्र नीट वाचा. पेनमध्ये एका मिलिलीटरला १०० युनिट असतात आणि तिथली कुपी बहुधा ४० ची असते. तिला लाल टोपीची ४० ची सिरिंजच लागते. १०० ची वापरली तर डोस चुकतो. आणि डोस डॉक्टरांकडूनच नव्याने ठरवून घ्या.

राजेंद्रनगरकर: आई ६८ ची आहे. हे सिरिंजचं कोणीच सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी एम.वाय.ला नेतो. जुनी चिठ्ठी आणि रिपोर्ट लागतील ना?

निवृत्त_नर्स: हो, आणि आधार. उरलेलं पेनही सोबत न्या, डॉक्टरांना दाखवायला.

घरचा_वैद्य: चूर्ण हवं असेल तर मेसेज करा.