रानपिंगळ्याच्या ढोलीचा पत्ता जाहीर करावा का?

सातभाई: ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा, म्हणजे ते दुर्मिळ छोटं घुबड, आहे हे 2014 पासून सगळ्यांना माहीत आहे. पण कोणत्या झाडावर ढोली आहे, हे फोटोसोबत नकाशावर टाकणं थांबलं पाहिजे. हा पक्षी दिवसा उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे एकदा सापडला की कॅमेऱ्यांचा गराडा पडतो. वर मोबाइलवर त्याचीच हाक वाजवतात. आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं वाटून तो शिकार सोडून उत्तरं देत बसतो. विणीच्या हंगामात तो वेळ पिल्लांच्या घासातून जातो.

शिक्रा: अजिबात पटलं नाही. 1884 नंतर थेट 1997 साली हा पक्षी पुन्हा सापडला. मधल्या काळात माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने 1914 ची गुजरातमधली नोंद दाखवली होती. ती बनावट निघाली: संग्रहालयातला जतन केलेल्या पक्ष्याचा जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावलेली. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद बाद केली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढला आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पक्षी दिसला. जागा खरी लिहिलेली होती म्हणूनच ना? उद्या सागाच्या जंगलातून रस्ता काढायला घेतला, तर हरकत कशाच्या जोरावर घेणार?

सातभाई: नोंद नको असं मी म्हटलेलंच नाही. झाडापर्यंतची माहिती वनखात्याला आणि अभ्यासकांना द्या, बाकीच्यांना तालुका पुरे. रासमुसेन यांच्याही हाती परिसरच होता, झाड नव्हे.

नवरंग: या पक्ष्याची सर्वेक्षणंही हाक वाजवूनच झाली आहेत. मग आम्हालाच मनाई का?

टकाचोर: सर्वेक्षणवाले थोडा वेळ वाजवतात, नोंद घेतात, पुढे जातात. इथे एकाच जोडीपुढे सकाळपासून एक गट गेला की दुसरा येतो, आणि प्रत्येकाला पक्षी समोरच्याच फांदीवर हवा असतो. दोन्ही एकच कसं?

शिक्रा: हाकेबद्दल टकाचोरशी सहमत, बंदच करा. जागेबद्दल नाही. आसपासच्या पाड्यांवरच्या पोरांना वाटाडे म्हणून चार पैसे मिळाले, तर तेच जंगल राखतील. सगळं झाकून ठेवलं तर त्यांच्याकडे येणार कोण?

सातभाई: मग पत्ता त्या पोरांकडेच राहू दे, नकाशावर कशाला? आणि हाक वाजवणाऱ्याला तिथूनच माघारी पाठवायचा अधिकारही त्यांना द्या.

शिक्रा: अधिकार द्या, जरूर. नकाशावरची नोंद मात्र मी काढणार नाही.