फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर घरी: पहिले सहा आठवडे (नागपूरकरांचा अनुभव धागा)

संत्रानगरी (धागा उघडताना)
हॉस्पिटलातून सुट्टी देतानाच्या कागदावर 'आराम करा' लिहिलेलं असतं आणि घरचे ते अक्षरशः पाळतात. पण या ऑपरेशननंतर नुसतं पडून राहिलं तर उरलेलं फुफ्फुस नीट फुलत नाही, कफ तळाशी साचतो आणि ताप घेऊन माणूस परत वॉर्डात. लोबेक्टॉमी (फुफ्फुसाचा एक भाग काढणं) असो की टीबीनंतरचं डिकॉर्टिकेशन (फुफ्फुसावरचं जाड आवरण सोलून काढणं), दुर्बिणीतून झालेलं असो की बरगड्यांमधून मोठा छेद घेऊन, ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा. कहाणी नको, कृती लिहा: किती, कधी, आणि कशाने बिघडतं. औषधाचा डोस बदलायचा सल्ला इथे कोणी कोणाला देऊ नये, तेवढं पथ्य.

धंतोलीची फिजिओ
तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरपासून (श्वासाच्या व्यायामाचं प्लास्टिकचं यंत्र, आत तीन हलके चेंडू) सुरू करते, कारण त्यात लोक फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं. आधी श्वास सावकाश बाहेर, मग नळी ओठांत घट्ट धरून आत.

त्यावरचे ६००, ९००, १२०० हे आकडे सेकंदाला किती सीसी हवा ओढली त्याचे असतात, छातीत किती मावली त्याचे नव्हेत. झटक्यात ओढून तिन्ही गोळ्या टणकन वर आपटल्या की घरचे टाळ्या वाजवतात, पण ती हवा फुफ्फुसाच्या तळाशी पोचलेलीच नसते. पहिली गोळी वर, दुसरी अधांतरी, आणि ती तशीच ३ सेकंद धरायची, हे जास्त कामाचं. जागेपणी दर तासाला १० श्वास. ३-४ झाले की थोडं थांबा, नाहीतर चक्कर येते. भरल्या पोटी नको. गोळ्या अचानक वर जाईनाशा झाल्या तर आधी नळीचा जोड पाहा, तिथून हवा गळते. तोंडाचा भाग रोज साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचा.

कफ काढायला जोरजोरात खोकू नका. चष्म्याची काच पुसताना 'हाः' करतो ना, तसं तोंड उघडं ठेवून दोन-तीनदा. कफ घशाशी आला की मग एकच खोकला, आणि त्या वेळी घडी घातलेली चादर किंवा घट्ट उशी जखमेवर दोन्ही हातांनी दाबलेली हवी. लुसलुशीत उशी निरुपयोगी, ती दबते आणि टाके ताणतात.

दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी. सहन होतंय म्हणून गोळी टाळणारे काकाजी प्रत्येक घरात असतात. ते सहन करतात म्हणजे काय करतात? खोल श्वास घेत नाहीत आणि खोकत नाहीत. गोळी त्याचसाठी दिलेली असते.

खांद्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. दुखतं म्हणून हात छातीशी धरून ठेवला की महिनाभरात खांदा आखडतो. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, ऑपरेशनच्या बाजूची बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढवायची, जिथे थांबतील तिथे पेन्सिलने रेघ आणि तारीख. रोज १० वेळा, दिवसातून तीनदा. रेघ चार दिवस वर सरकली नाही तर फिजिओला दाखवा. आरशातही बघा: बहुतेक जण नकळत त्या बाजूला झुकून चालतात.

मेडिकलची जुनी सिस्टर
हवेची गळती थांबली नाही तर काही जणांना छातीतली नळी आणि बाटली घेऊनच घरी पाठवतात. घरचे घाबरतात ते साहजिक आहे. नियम थोडेच आहेत.

बाटली कायम छातीच्या खाली. उचलून वर धरली तर आतलं पाणी उलट छातीत जातं. पलंगाशेजारी लहान बादलीत उभी ठेवा, म्हणजे पायाने लवंडत नाही. आतल्या दांडीचं टोक पाण्यात साधारण २ सेंटीमीटर बुडालेलं हवं. बाटलीला कागदी पट्टी लावून रोज एकाच वेळी, समजा सकाळी ८ ला, पातळीची रेघ आणि तारीख घाला. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

नळीला चिमटा लावायचा नाही. ऑटोत बसताना सांडेल म्हणून लोक हटकून लावतात आणि तिथेच घात होतो. हवा गळत असताना नळी बंद केली की ती हवा छातीत साठत जाते, फुफ्फुस दाबलं जातं, पुढे हृदयावर ताण. नळी बोटांनी दाबत 'दूध काढल्यासारखं' ओढूही नका.

जोड निसटला तर नळीचं टोक स्वच्छ पाण्याच्या बाटलीत २ सेंटीमीटर बुडवून ठेवा आणि फोन करा. नळीच बाहेर आली तर भोकावर लगेच तळहात, मग गॉजची जाड घडी, चिकटपट्टी तीन बाजूंनी, चौथी मोकळी, आणि थेट हॉस्पिटल.

मानेवाडा
सिस्टर, बाटलीतलं पाणी श्वासाबरोबर वर-खाली हलायचं थांबलं तर?

मेडिकलची जुनी सिस्टर
दोन अर्थ निघतात. एक चांगला: फुफ्फुस पूर्ण फुललं. दुसरा: नळी मुडपली किंवा अडली. आधी मांडीखाली, गादीखाली नळी दबली आहे का ते पाहा, निम्म्या वेळा तिथेच सापडते. तसं नसेल तर कळवा, एक्स-रे काढून ठरवतात. बुडबुडे फक्त खोकताना येत होते आणि आता सतत येऊ लागले, तरीही कळवा.

महालातली सून
स्वयंपाकघरात दोन शत्रू. एक फोडणी. लाल मिरचीचा खकाणा उठला की खोकल्याची जी उबळ येते ती टाक्यांना परवडत नाही. रोग्याची खोली आणि ओटा यांत दार लावलेलं हवं, एक्झॉस्ट फोडणीच्या आधी सुरू. उन्हाळ्याच्या तोंडावर वर्षभराचं तिखट करायचा हंगाम असतो. भिवापुरी मिरची आणली असेल तर यंदा ती गिरणीतूनच दळून आणा, अंगणात कुटू नका. दुसरा शत्रू देवघरात: धूप, उदबत्ती, कापूर. शिवाय मच्छर कॉइल. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा. पोट गच्च भरलं की छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो आणि दम लागतो. प्रथिनं किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम (किडनीचा त्रास असेल तर विचारूनच). नुसत्या वरणभातावर ते होत नाही. अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम भिजवून भाजीत टाकल्या की एकदम २५. मुंगाच्या खिचडीवर अंडं फोडून, वरून सांबार घालून द्या, तोंडाला चव नसलेलाही खातो. (पुण्यामुंबईच्या वाचकांनी घाबरू नये, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.)

सावजी रस्सा आणि तर्री महिनाभर बंद. तिखटाशी वैर नाही. पण आम्लपित्त वर आलं की रात्री कोरडा खोकला सुरू होतो. संत्री मात्र फोडीवरची पातळ त्वचा न काढता खा. पोट साफ राहतं.

दवाबाजार
ताईंनी पोटाचा विषय काढलाच आहे तर सांगतो. ट्रॅमाडॉल (दुखण्याची तेज गोळी) चालू असेल तर बद्धकोष्ठ पहिल्याच दिवसापासून धरून चाला. इसबगोल चालतं, पण पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर; कोरडं गिळलं तर तेच अडकतं. संडासला जोर केला की जखम ठणकते, म्हणून हे क्षुल्लक समजू नका.

नेहमीची चूक: ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीत बहुतेकदा पॅरासिटामॉल ३२५ असतं. त्यावर तापासाठी वेगळी ६५० ची घेतली जाते आणि बेरीज कोणी करत नाही. सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅम ही मोठ्यांची वरची हद्द, आणि वजन कमी किंवा यकृत नाजूक असेल तर त्याहून कमी. टीबीची औषधंही यकृतावर ताण टाकतात, म्हणून ती चालू असलेल्यांनी डॉक्टरला विचारून ठेवा. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते रक्त नव्हे. ऑपरेशन झालं म्हणून टीबीचा कोर्स संपला असं नसतं, तो ठरलेल्या दिवसापर्यंत.

मज्जातंतूच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन दिलं असेल तर गुंगी येते. रात्री बाथरूमला उठताना दिवा लावा, मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मग उठा. मनाने एकदम बंद करू नका.

कूलरवाला (हो, खरंच तोच धंदा आहे)
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कूलर बंद ठेवा म्हणणं सोपं आहे. बंद नका ठेवू जी, नीट ठेवा. गवताचे पॅड गेल्या वर्षीचे असतील तर फेकाच, त्यात बुरशी असते. नवीन पॅड बसवले की पहिले एक-दोन तास खोली रिकामी, खिडकी उघडी, कूलर चालू: भुसा आणि तो ओला वास निघून जातो. टाकी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करून घासायची, नुसतं वरून पाणी भरत राहायचं नाही. टिल्लू पंपाच्या जाळीतला गाळही काढा. झोत भिंतीवर, माणसाच्या छातीवर नको. खिडकी थोडी उघडी पाहिजेच, नाहीतर खोली दमट होऊन जीव घुसमटतो.

सिव्हिल लाइन्स
याला जोडून: घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) असेल तर बहुतेक मशिनं ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. बंद, तापलेल्या खोलीत ते अलार्म देतं किंवा ऑक्सिजन कमी शुद्ध येतो. मशीन भिंतीपासून फूटभर लांब, कूलरच्या फवाऱ्यात नाही. मागची जाळी आठवड्याला धुवा, आर्द्रतेच्या बाटलीतलं पाणी (डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं) रोज बदला. वीज गेली तर? ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट ओढतं, घरचा छोटा इन्व्हर्टर फार वेळ पुरत नाही. बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर २ लिटरच्या प्रवाहावर साधारण १२ तास. निरांजन आणि गॅसची शेगडी त्या खोलीत नाही म्हणजे नाही.

मानेवाडा
उचलण्याबद्दल लिहितो. मोठ्या छेदानंतर निदान सहा आठवडे ४-५ किलोच्या वर काही नाही. भरलेली बादली २० किलोची होते, म्हणून आंघोळ स्टुलावर बसून, बादली दुसऱ्याने अर्धी भरून ठेवलेली, अंगावर घ्यायला लहान मग. गॅस सिलिंडर सरकवायचासुद्धा नाही. ॲक्टिव्हा मधल्या स्टँडवर चढवणं हा छातीला बसणारा सगळ्यात वाईट झटका. गाडी सर्जनने हो म्हटल्यावरच. तपासणीला जाताना खड्ड्यांतून ऑटो हिंदकळतो, मेट्रो जवळ असेल तर ती बरी, लिफ्ट आहे. भारतीय बैठकीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा.

चालणं पहिल्या आठवड्यात घरातच, ५-५ मिनिटं, दिवसातून चार-पाचदा; मग रोज मिनिट-दोन मिनिटं वाढवा. चालताना वाक्य पुरं बोलता आलं पाहिजे. उन्हाळ्यात अंबाझरी तलावावर फिरायला जायचं तर सकाळी सातच्या आत घरी परत. थंडीत पहाटे नको, कचरा आणि शेकोट्यांचा धूर जमिनीलगत बसून राहतो. तेव्हा ऊन आल्यावरच.

आणि विमान: छातीत फुफ्फुसाबाहेर हवा शिल्लक असेल तर उंचीवर ती फुगते. एक्स-रे पाहून सर्जनने परवानगी दिल्याशिवाय तिकीट काढू नका, मुलगा कितीही आग्रह करून राहिला तरी.

मेडिकलची जुनी सिस्टर
कशाला थांबायचं नाही ते सांगते. अचानक दम लागणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत धडधड आणि नाडी वेडीवाकडी, ताप १००.४ च्या वर, जखमेतून पू, थुंकीत ताजं रक्त. गळ्यावर किंवा छातीवर बोट दाबलं की मुरमुरे चुरल्यासारखं कुरकुरलं तर कातडीखाली हवा शिरलेली असते. एकदम भरपूर, पाण्यासारखी पातळ गुलाबी थुंकी येऊ लागली तर ऑपरेशनच्या बाजूवर कुशीवर करा, आणि १०८. पाणी पिताना ठसका आणि आवाज बसलेला, हे डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर दिसतं. पाणी चमच्याने, हनुवटी छातीकडे ओढून द्या आणि त्याच दिवशी कळवा.

ऑक्सिमीटर पाहताना बोट गरम हवं, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको. हॉस्पिटलातून सोडलं त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा, तुलना त्याच्याशी. धूम्रपानाने आधीच फुफ्फुस खराब असलेल्यांचं लक्ष्य वेगळं असतं, ते कागदावर लिहून घ्या.

नंदनवन
आईला छातीच्या खालच्या बाजूला बधिर वाटतं आणि साधा कपडा लागला तरी आग होते. जखम तर कोरडी आहे. टाके काही उघडले नाहीत ना?

धंतोलीची फिजिओ
नाही ताई, बरगड्यांमधली मज्जातंतू ऑपरेशनमध्ये ताणली जाते, तिचं हे दुखणं. काही महिने राहू शकतं. ब्राचा खालचा पट्टा नेमका तिथेच रुततो, म्हणून सध्या सैल सुती शमीज आणि पुढून बटणांचा गाऊन द्या, डोक्यावरून घालायचे कपडे नकोत. जखम पूर्ण भरल्यावर त्या भागाला स्पर्शाची सवय करायची: धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या साडीचा तुकडा घेऊन हलक्या हाताने २-३ मिनिटं, दिवसातून तीनदा. आठवड्याभराने तेच टॉवेलच्या कापडाने. टाक्याच्या रेघेवरून नाही, तिच्या बाजूने. आग वाढत गेली किंवा रात्रीची झोप मोडायला लागली तर सर्जनला सांगा.