सोसायटी ग्रुप : पंपाचे थकलेले बिल आणि एकत्रित देखभालीचा प्रस्ताव

रोहिणी पाटील (सी-२०२) : कार्यकारिणीस नमस्कार. काल फलकावर लावलेला एकत्रित देखभालीचा प्रस्ताव वाचला. पंप, सफाई, सुरक्षा ही सर्व कामे एका मोठ्या कंपनीला द्यावीत, कारण सध्याचे छोटे ठेकेदार ‘पैशांसाठी वारंवार फोन करून त्रास देतात’, असे त्यात म्हटले आहे. पुण्यातल्या नांदेड फाट्यावरच्या ज्या वर्कशॉपने फेब्रुवारीत आपल्या दोन्ही मोटरी दुरुस्त करून दिल्या, त्यांचे ३८,४०० रुपयांचे बिल जून उजाडला तरी चुकते झालेले नाही. आपल्याच घामाचे पैसे मागणे हा त्रास कसा ठरतो, याचे उत्तर मला इथे लेखी हवे आहे.

जोशी, खजिनदार : पाटीलताई, बिल मंजूर आहे, ते कोणी नाकारलेले नाही. धनादेशावर दोन सह्या लागतात आणि अध्यक्ष मे महिन्यात गावाला होते. शिवाय काही सभासदांचा मेंटेनन्स दोन-दोन तिमाह्या थकला आहे. खात्यात पैसे नसताना खजिनदाराने काय करावे, हेही कोणीतरी लिहावे.

मोरे (ए-२०३) : माझा प्रश्न साधा आहे. एकाच कंपनीला काम दिले तर सोसायटीचे वर्षाला किती पैसे वाचतील?

सावंत (बी-३०१) : थकबाकीचा विषय काढलाच आहे, तर यादी जाहीर करावी. नाहीतर संशय सर्वांवरच येतो.

शिंदे, सचिव : सावंतसाहेब, थकबाकीचा विषय वार्षिक सभेत घेऊ. कृपया येथे नावे मागू नयेत.

देशमुख (ए-५०१) : मी नोकरीची बरीच वर्षे बँकेच्या कर्जविभागात काढली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लहान कारखानदाराला बँक कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या खर्चासाठी उचलता येणारे कर्ज, देते ते त्याचा माल आणि येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) पाहून. ९० दिवसांपेक्षा जुनी येणी साधारणपणे त्या हिशोबात धरलीच जात नाहीत. म्हणजे आपण फेब्रुवारीचे बिल मेपर्यंत अडवले, तेव्हा त्या माणसाचे पैसे तर अडकलेच, पण त्या बिलाच्या आधारावर बँकेकडून जी रक्कम उचलता आली असती तीही गेली. त्यातच जीएसटी भरायचा असतो बिलाच्या तारखेप्रमाणे, पैसे हातात आले असोत वा नसोत. आपण अजून न दिलेला कर त्याने आपल्या खिशातून सरकारला आधीच भरलेला आहे. कामाला तोटा नसलेली, केवळ येणी न आल्यामुळे बंद पडलेली युनिट्स मी पाहिली आहेत.

मोरे (ए-२०३) : काकांची माहिती उत्तम आहे, पण माझा प्रश्न तसाच राहिला. वर्षाला किती पैसे वाचतील?

अनिकेत (डी-३०३) : मला वेगळी बाजू मांडायची आहे, कृपया राग मानू नये. छोट्या ठेकेदारांबद्दल सर्वांना आपुलकी आहे, परंतु त्यांच्याकडे कामगारांचा विमा नसतो, कित्येकदा पक्के बिल नसते आणि पंपरूममध्ये उद्या अपघात झाला तर जबाबदारी कार्यकारिणीवर येते. मोठी कंपनी कामगारांचा पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) भरते. शिवाय अर्थव्यवस्था मोठ्या उद्योगांमुळे वाढते. मोठे कारखाने आले म्हणूनच त्यांच्याभोवती लहान वर्कशॉप उभी राहिली. आपण भावनेपोटी निर्णय घेऊ नये.

कुलकर्णी (बी-१०४) : अनिकेत, तुझ्या म्हणण्यात निम्मे तथ्य आहे आणि ते मी टेल्कोत (आताच्या टाटा मोटर्समध्ये) काढलेल्या वर्षांच्या आधारे मान्य करतो. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आले, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्यापुढे मोठे वाहन कारखाने आले. पण पुढचे ऐक. त्या कारखान्यांतील वाहनाचा प्रत्येक भाग काही आत बनत नव्हता. माझ्याबरोबरचे चांगले टर्नर आणि फिटर नोकरी सोडून भोसरीत शेड टाकून बसले, एका लेथवर जॉबवर्क, म्हणजे कारखान्यांनी सांगितलेले भाग बनवण्याचे काम, घेऊ लागले आणि त्यांच्याकडून वेळेवर भाग आले म्हणून आमची असेंब्ली लाइन चालली. आज देशाच्या एकूण उत्पन्नात सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा वाटा सुमारे ३० टक्के आणि निर्यातीत सुमारे ४५ टक्के आहे. एवढा भार उचलणाऱ्यांना ‘भोवतालची वर्कशॉप’ म्हणून बाजूला सारता येणार नाही.

गोखले (सी-४०४) : चर्चा अशीच लांबली तर अर्थसंकल्प आपल्याच क्लबहाउसमध्ये मांडावा लागेल. 😄

रोहिणी पाटील (सी-२०२) : गोखलेसाहेब, फेब्रुवारीत टाकी कोरडी पडली होती तेव्हा कोणी विनोद केला नव्हता. त्या दिवसांत मी स्वतः त्या वर्कशॉपमध्ये गेले होते. जळालेली वाइंडिंग (मोटरमधील तारेची गुंडाळी) छिन्नीने कापून बाहेर काढली होती, स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, एकेका खाचेत नवा इन्सुलेशन पेपर बसवून दोन मुले तांब्याच्या तारेची वेटोळी हाताने भरत होती आणि आधीची मोटर व्हार्निश लावून भट्टीत सुकत होती. तांब्याची तार त्यांना उधारीवर मिळत नाही, ती रोखीने आणावी लागते. सोसायटीत पाणी नाही म्हणून ते रात्री उशिरापर्यंत थांबले. बिल पक्के आहे, त्यावर जीएसटी आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), दोन्ही क्रमांक छापलेले आहेत. अनिकेत, विम्याचा तुझा मुद्दा योग्यच आहे, तो करारात अट म्हणून घालावा. पण जे सुधारता येते त्यासाठी माणूसच बदलायचा आणि तोही त्याचे पैसे अडकवून, हे मला मान्य नाही.

अनिकेत (डी-३०३) : विम्याची अट घालणार असाल, तर माझा निम्मा आक्षेप संपतो. उरलेला निम्मा किमतीचा आहे.

मोरे (ए-२०३) : तेच तर मी सकाळपासून विचारतो आहे. वर्षाला किती पैसे वाचतील?

जोशी, खजिनदार : मोरेसाहेब, कोटेशन समोर घेऊन लिहितो. वार्षिक दर सध्याच्या खर्चापेक्षा थोडा कमी आहे. मात्र मोटर रिवाइंडिंग (जळालेली तार बदलणे), बेअरिंग आणि सुटे भाग त्यात धरलेले नाहीत, त्यांचे बिल वेगळे येईल. आणि दर तिमाहीची रक्कम आगाऊ भरायची आहे.

रोहिणी पाटील (सी-२०२) : जोशीकाका, शेवटचे वाक्य सर्वांनी पुन्हा वाचावे, अशी विनंती आहे. मोठ्या कंपनीला काम सुरू होण्यापूर्वी तीन महिन्यांचे पैसे द्यायला आपण तयार आहोत आणि काम पूर्ण करून दिलेल्या माणसाला चार महिने पैसे नाहीत. आमचे भोसरीत छोटे सीएनसी युनिट (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचा कारखाना) आहे आणि तिथे आम्ही रोज हेच सोसतो. ऑर्डर देणारा जेवढा मोठा, तेवढी त्याची उधारी लांब, आणि आम्ही मात्र पगार सात तारखेला देतो. देशातील मोठ्या उद्योगांचे खेळते भांडवल असे लहानांच्या खिशातून बिनव्याजी पुरवले जाते. उद्या आपली मोटर जळाली तर ती कंपनीसुद्धा ती कुठल्यातरी लहान वर्कशॉपमध्येच पाठवेल. फरक इतकाच, की मधला नफा कंपनीचा आणि थांबणे त्या वर्कशॉपचे.

सावंत (बी-३०१) : म्हणूनच मी थकबाकीची यादी मागत होतो. आपण सभासदच वेळेवर भरत नसू, तर खजिनदारांना दोष कसा द्यायचा?

जोशी, खजिनदार : धन्यवाद सावंतसाहेब. एवढे वाक्य आज सकाळी कोणी लिहिले असते, तर बरे वाटले असते.

देशमुख (ए-५०१) : कायद्याचे तेवढे स्पष्ट करतो. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक रेट’ या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. वस्तू किंवा सेवा विकत घेणारा कोणीही त्यात ‘खरेदीदार’ ठरतो. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यानेही मुदतीनंतर थकवलेल्या अशा बिलाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय मिळत नाही. तक्रार करण्याचा हक्क असूनही लहान माणूस सहसा ती करत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच गिऱ्हाइकाकडून यायची असते.

शिंदे, सचिव : अध्यक्षांशी आताच फोनवर बोलणे झाले. दोन्ही सह्या आज संध्याकाळी होतील आणि धनादेश उद्या सकाळी वॉचमनकडे न ठेवता प्रत्यक्ष वर्कशॉपवर पोचवला जाईल. प्रस्तावातील ‘त्रास’ हा उल्लेख काढून टाकतो. एकत्रित कराराचा निर्णय वार्षिक सभेत होईल आणि त्या वेळी सध्याच्या ठेकेदारांकडूनही, विम्याच्या अटीसह, नवे दर मागवले जातील.

मोरे (ए-२०३) : ठीक आहे. पण दोन्हींची तुलना करताना सुट्या भागांचा खर्च आणि आगाऊ रकमेवरील बुडणारे व्याज धरूनच तक्ता द्यावा.

अनिकेत (डी-३०३) : तक्ता मी तयार करतो. देशमुखकाकांनी सांगितलेली १५ दिवसांत पैसे देण्याची अट आपण करारात स्वतःहून लिहिणार असू, तर काम नीट झाले की नाही हे ठरवायलाही मुदत हवी. नाहीतर ‘काम अजून तपासायचे आहे’ म्हणून बिल पुन्हा पडून राहील.

देशमुख (ए-५०१) : योग्य बोललास. तक्रार असेल तर ती काम मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवायची, अन्यथा काम स्वीकारले असे धरायचे, ही तरतूद त्याच कायद्यात आहे. तेच वाक्य करारात घालू. मसुदा रविवारपर्यंत पाठवतो.