शिडाच्या बोटीवर आठ दिवस: मुंबई बंदरात रात्री नांगर कुठे टाकायचा?

ठाणेकर_दर्यावेडा:
नमस्कार मंडळी, मित्राने तीस फुटी शिडाची बोट घेतलीये आणि डिसेंबरात आम्ही तिघं आठ दिवस तिच्यावरच राहायचं म्हणतोय, जेवण झोप सगळं तिथेच, आंघोळीचं बघू. गेटवेसमोरून निघून घारापुरी, मग मांडवा, रेवस, धरमतरच्या खाडीत जमेल तेवढं आत आणि शेवटी खांदेरी बेट. नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतंय म्हणून दिवसाला दोन ठिकाणं असं एक्सेल बनवलंय. कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, पाण्यात दीड मीटर जाते. रात्री कुठे थांबावं?

तांडेलाचा_नातू:
दादा ते एक्सेल आधी डिलीट मार 😀 इथे तुझा दिवस पाणी ठरवणार. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला, साडेतीन-चार मीटर पाणी चढतं उतरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीकडे, दीडच्या आसपास, आणि ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर निघालं की शीड भरलेलं असून बोट जागच्या जागी, किनाऱ्यावरचं तेच झाड तासभर बघत बसायचं. आमचे आजोबा पंचांग बघून सांगायचे, तिथीची पाऊणपट कर, पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, दिवसा पण आणि रात्री पण. भरती-ओहोटीचं टाइड टेबल घेच, पण हे डोक्यात राहतं. पहिल्याच खेपेला अष्टमीच्या आसपास जा, ओढ कमी असते.

नांगराचं म्हणशील तर सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, तीन मीटर पाणी बघून साखळी सोडलीस तर उधाणाच्या भरतीला तिथेच सात मीटर होतं. साखळी सातच्या पाचपट धर, म्हणजे 35 मीटर, वर नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची वेगळी. आणि पाणी फिरलं की बोट अख्खी उलटी फिरते, तेवढी जागा आजूबाजूला ठेव. तळाला गाळ आहे, नांगर धरतो चांगला, पण सकाळी साखळीबरोबर तो काळा चिखल वर येतो तो धुवायला बालदी हाताशी असू दे.

अलिबागची_सई:
रेवसबद्दल माझं ऐका. आम्ही भरती संपल्यावर दोन तासांनी "होईल पार" म्हणत कडेकडेने आत शिरलो आणि बोट गाळात रुतली. धक्का वगैरे काही नाही, नुसती हळूच थांबली. मग पाणी उतरत गेलं तशी ती कलायला लागली, स्टोव्हवर वरणाचा कुकर होता तो आधी भांड्यांच्या मांडणीला टेकला आणि मग सगळं वरण माझ्या झोपायच्या गादीवर. पाणी परत तेवढं यायला आठ तास! समोरून मचव्यातले लोक बघत जात होते, एकाने विचारलं पण, "चहा पाठवू का?" तेव्हापासून आम्ही अनोळखी जागी फक्त चढत्या पाण्यातच शिरतो, अडकलोच तर अर्ध्या तासात पाणीच उचलतं.

रात्रीला मांडवा बरं. दुपारी वायव्येचा वारा सुटला की डुलतं आणि फेरीबोटींच्या लाटा असतात, पण रात्री मतलई, म्हणजे जमिनीवरचा वारा, आली की शांत. धरमतरमध्ये बार्ज अंधारातही ये-जा करतात, मधे थांबू नका आणि नांगराचा दिवा विसरू नका. डास पण आहेत.

चॅनल_सोळा:
दोनच गोष्टी. बुचर आयलंड म्हणजे जवाहर द्वीप, तिथे तेलाचे टँकर लागतात, जवळ फिरकू नका. मोठ्या जहाजांच्या चॅनलमध्ये रेंगाळायचं नाही, तुमच्यासाठी ती थांबू शकत नाहीत. व्हीएचएफ रेडिओ चॅनल 16 वर चालू ठेवा, कोस्ट गार्डचा मदतीचा नंबर 1554 पाठ करा. परवानग्यांचं निघण्याआधी विचारून घ्या, गेटवेला नेव्ही शेजारीच आहे.

ठाणेकर_दर्यावेडा:
सईताई, वरणाचं वाचून मित्राने कुकरच यादीतून काढला 😅 षष्ठीला निघतोय. खांदेरीचं कोणी बोललंच नाही?

तांडेलाचा_नातू:
खांदेरी शेवटी ठेवलीस तेच बरोबर. थळसमोर उघड्या समुद्रात आहे, सकाळी मतलईवर जा आणि दुपारचा वारा वाढायच्या आत परत फीर, उंदेरी आणि खांदेरीच्या मधे खडक आहेत तिकडून शॉर्टकट नको. बेटावरच्या वेताळाला नारळ घेऊन जा, आमचे लोक तिथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत. वाटेत प्लास्टिकचे कॅन तरंगताना दिसले की ते कचरा समजू नकोस, खाली जाळं असतं, इंजिनच्या पंख्यात गुंतलं तर तुझी बोट पण अडकली आणि आमचं जाळं पण गेलं.

ठाणेकर_दर्यावेडा:
नोट केलं. आणि आंघोळ?

अलिबागची_सई:
गेटवेसमोरचं पाणी एकदा जवळून बघा, मग आंघोळीची आठवण मांडव्यापर्यंत येणार नाही.