लहान देणग्यांनी मेंदूविकारांचं संशोधन पुढे जातं का?

'औषध कंपन्या अब्जावधी ओततात, तिथे स्वयंसेवकांनी जमवलेल्या पैशांनी काय होणार?' असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. कंपन्या येतात त्या बहुतेकदा दिशा सापडल्यावर. ती शोधायची कोणी?

हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचंच बघा. घटस्फोटित पत्नीला हा आजार असल्याचं कळल्यावर अमेरिकेतल्या मिल्टन वेक्सलर यांनी १९६८ साली संशोधनासाठी संस्था उभारली. त्यांची मुलगी नॅन्सी व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांकडे वर्षानुवर्षं जात राहिली, रक्ताचे नमुने गोळा करत राहिली. (स्वतःलाही हा आजार होऊ शकतो, हे माहीत असताना!) १९८३ मध्ये आजाराला कारण ठरणाऱ्या जनुकाचा ठावठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर लागला, नेमकं जनुक सापडायला १९९३ उजाडलं. एवढा धीर आपलं माणूस आजारी असलेल्यांनाच असतो.

एएलएस म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी करणारा आजार. त्यासाठी २०१४ मध्ये झालेल्या, डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याच्या 'आइस बकेट चॅलेंज'मधून अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळाले. त्या निधीचा हातभार लागलेल्या संशोधनातून २०१६ मध्ये एनईके१ या जनुकाचा एएलएसशी असलेला संबंध पुढे आला. त्याच निधीचं पाठबळ मिळालेलं एक औषध मात्र २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळूनही पुढच्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरलं, २०२४ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं.

म्हणूनच देणगी मागताना 'लवकरच इलाज सापडेल' असं कृपया कोणालाही सांगू नका. पैसा रुग्णसेवेसाठी आहे की संशोधनासाठी, हेही पहिल्याच भेटीत स्पष्ट करा. दोन्हींची गरज आहे, पण हिशेब वेगळेच हवेत.