सेडेशनची (गुंगीच्या औषधाची) वेळ अर्धवट लिहिलेली असेल तर ९९१५३, म्हणजे जादा १५ मिनिटांचा बिलिंग कोड, लावायचा का?

निशाचर_हिंजवडी
रात्रपाळीत अमेरिकेतल्या गॅस्ट्रो (पोटविकार) क्लिनिकचे चार्ट कोड करतो, म्हणजे उपचारांच्या नोंदींवरून इन्शुरन्सच्या बिलाचे कोड लावतो. परवाचा कोलोनोस्कोपीचा चार्ट. डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये एवढंच: 'मॉडरेट सेडेशन, ३० मिनिटे'. नर्सच्या शीटवर मिडाझोलॅमचा (गुंगीचं औषध) पहिला डोस ९:०४, स्कोप (तपासणीची नळी) बाहेर ९:२२, पेशंट रिकव्हरीत ९:३४. पेशंट कमर्शियल इन्शुरन्सचा, म्हणजे जी०५०० चा (सरकारी मेडिकेअरचा वेगळा सेडेशन कोड) प्रश्न नाही.

सेडेशनचं घड्याळ औषध दिल्यावर सुरू होतं. प्रोसिजर संपली, पेशंट स्थिर झाला आणि डॉक्टर त्याच्यापासून उठले की बंद. आता ते उठले कधी? ९:२२ ला उठले असतील तर १८ मिनिटं, नुसता ९९१५२ (पहिल्या १५ मिनिटांचा कोड). ९:३४ पर्यंत थांबले असतील तर ३० मिनिटं, वर ९९१५३ चं एक युनिट, कारण ते २३व्या मिनिटापासून लागतं. माझं मत: क्लेम थांबवा, क्वेरी टाका, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारा. या डॉक्टरांच्या जवळपास प्रत्येक चार्टवर ३० च असतात. हा आकडा टेम्प्लेटमधून येतोय, घड्याळातून नाही.

कोडर_कोथरूड
दादा, एका युनिटसाठी क्वेरी? उत्तर यायला आठवडे जातात, तोवर टीएल (टीम लीड) प्रॉडक्शनवरून, म्हणजे चार्टच्या टार्गेटवरून, आपल्याला सोलतो. डॉक्टरांनी सहीनिशी ३० लिहिलंय. ९:०४ ते ९:३४ बरोबर तीसच होतात की! डॉक्टर खोटं लिहितात असं गृहीत धरायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आरएन_न्यूजर्सी
मी नर्स, सेडेशनला उभी असते. पेशंटवर लक्ष ठेवायला वेगळी प्रशिक्षित व्यक्ती हवी, असं या कोडमध्येच आहे, ती मी. बहुतेक वेळा स्कोप निघाला की डॉक्टर ग्लोव्ह्ज काढतात, 'गुड जॉब' म्हणतात आणि पुढच्या रूममध्ये. उरलेली दहा-बारा मिनिटं मी आणि मॉनिटर. पण ऑक्सिजन ८८ वर आला तर डॉक्टर हलत नाहीत, ती मिनिटं त्यांची हक्काची. शीटवरून हे दोन प्रसंग सारखेच दिसतील, कारण 'डॉक्टर बाहेर' असा रकाना आमच्या शीटवर नाही.

कोडर_कोथरूड
ताई, मग दोष शीटचा. भुर्दंड डॉक्टरांना का? २०१७ च्या आधी सेडेशन प्रोसिजरच्या दरातच धरलेलं होतं, मिनिटं कोणी मोजत नव्हतं. भूलतज्ज्ञ बोलावला तरी गॅस्ट्रोच्या दरात सेडेशन होतंच, म्हणून ते बाहेर काढून वेगळे कोड केले. प्रोसिजरचा दर तेवढा खाली आला. म्हणजे हे पैसे जादा नाहीत, त्यांचेच आहेत. आणि हात बसलेला डॉक्टर एंडोस्कोपी आठ मिनिटांत उरकतो, त्याला सेडेशनचा छदामही नाही, कारण १० मिनिटांच्या आत कोडच लागत नाही. रेंगाळणाऱ्याला पैसे. हा कुठला न्याय?

निशाचर_हिंजवडी
आठ मिनिटांचा मुद्दा मान्य, तो नियम मलाही पटत नाही. पण म्हणून १८ चे ३० होत नाहीत. डॉक्टर खोटं लिहितात असं मी म्हणतच नाहीये. ते रिकव्हरीचा वेळ धरत असतील, आणि तो धरायचा नसतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसेल. ऑडिटर आला तर तो दोन्ही कागद शेजारी ठेवणार. तेव्हा टीएलचं प्रॉडक्शन कामाला येणार नाही.

क्यूए_मावशी
भांडू नका रे. आज ९९१५२ टाकून क्लेम सोडा, तेवढा दोन्ही हिशेबांनी बसतो. क्वेरी वेगळी जाऊ दे, उत्तर आलं तर करेक्टेड क्लेम, म्हणजे सुधारलेलं बिल पुन्हा पाठवा. आणि क्वेरीत '३० बरोबर आहे ना?' असं विचारू नका, उत्तर तोंडात घालू नका. 'पेशंटजवळून कधी उठलात?' एवढंच.

कोडर_कोथरूड
मावशी, करेक्टेड क्लेम म्हणजे एका चार्टचं काम दोनदा. टार्गेटमध्ये एकदाच मोजणार. ते तुम्ही टीएलला सांगता का?